पाणी वाचवायचे कोणते उपाय तुमच्या घरी खरंच टिकले?

अबोली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहितेच.

आमच्या घरी पाच माणसं. मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. पाणी जपून वापरायला हवं हे सगळ्यांना पटतं, त्यात वाद नाही. पण दर दोन-तीन महिन्यांनी मी सगळ्यांना बसवून चार गोष्टी सांगते, आठवडाभर घर त्याप्रमाणे वागतं आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

परवा रात्री दोन वाजता जाग आली ती बेसिनच्या नळाच्या टपटपीने. काही केल्या झोप लागेना. उठले, नळाखाली मापाचा पेला ठेवला आणि तासाभराने पाहिलं. जवळजवळ ९०० मिली. म्हणजे दिवसाला एकवीस-बावीस लिटर! एका माणसाच्या आंघोळीची भरलेली बादली रोज गटारात, आणि हा नळ कधीपासून गळतोय हे घरात एकालाही सांगता येईना. दिवसा तो आवाज ऐकूच येत नाही.

तर मला नुसती यादी नको आहे. दात घासताना नळ बंद ठेवा हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. तुमच्या घरी कोणता उपाय वर्षभर टिकला, कोणता बारगळला आणि का, ते सांगा. त्यातही रोज कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही असा एखादा असेल तर तो सगळ्यात आधी.

कासवगती

आधी वॉशर बदला, मग बाकीचं बोलू. दहा मिनिटांचं काम आहे. नळाखालचा कॉक बंद करायचा, वरची मूठ आणि स्पिंडल काढायचा, खालची रबरी चकती झिजलेली दिसेल, ती बदलायची. पाव फिरकीचा नळ असेल तर आत वॉशर नसतो, सिरॅमिकचं कार्ट्रिज असतं, ते अख्खं बदलावं लागतं.

आणि घरच्यांना एवढं सांगा की नळ गळायला लागला म्हणून तो आवळून आवळून बंद करू नका. त्याने रबर आणखी चेपतं आणि गळती वाढते.

नळदमयंती

नाव बघता या धाग्यावर पहिला हक्क माझा होता, पण कासव नेहमीप्रमाणे पुढे गेलं. :)

अबोली, आठवण करून द्यावी लागत नाही असा उपाय विचारलास ना? बेसिनच्या आणि स्वयंपाकघरातल्या नळाला टोकाशी बारीक जाळी बसव, पाण्यात हवा मिसळणारी. साध्या उघड्या नळातून मिनिटाला दहा-बारा लिटर सहज जातात, जाळीने ते सहाच्या आसपास येतात. धार तेवढीच भरघोस दिसते, त्यामुळे कुणाची तक्रार येत नाही. माझ्या सासऱ्यांना तर मी सांगेपर्यंत कळलंही नव्हतं. चार वर्षं झाली.

फक्त दर दोन-तीन महिन्यांनी ती काढून साफ करायची. पाणी जड असेल तर क्षार बसून धार वाकडी-तिकडी उडते. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेव, सकाळी जुन्या टूथब्रशने घासली की झालं.

गोधडी

@नळदमयंती, जाळी आणायचीही गरज नाही. बेसिनखाली अँगल कॉक असतो, तो अर्ध्याच्या वर बंद करून टाका. हात धुवायला तेवढं पाणी पुरतं. आमच्याकडे घर घेतल्यापासून तसाच आहे.

नळदमयंती

@गोधडी, हे छानच. पण स्वयंपाकघरात नको हं. पातेलं भरायला वेळ लागतो, मग माणूस नळ चालू ठेवून दुसऱ्या कामाला जातो. तिथे जाळीच बरी.

रानवारा

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नये.

जगात माणूस जेवढं गोडं पाणी उपसतो त्यातलं साधारण ७० टक्के शेतीला जातं. उरलेल्यात उद्योग मोठा वाटा घेतात आणि घरगुती वापर सगळ्यात शेवटी येतो. अशा वेळी एकेका कुटुंबाने पेले मोजत बसायचं आणि मनाला समाधान करून घ्यायचं, यातून मूळ प्रश्न सुटतो का? एका सुती टी-शर्टामागे सुमारे २७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज आहे, कापसाच्या पिकापासून धरून. वर्षात दोन शर्ट कमी घेतले तर तुमच्या गळक्या नळाची कित्येक महिन्यांची भरपाई होते. मला वाटतं जोर तिकडे द्यावा.

मिलिलिटर

@रानवारा, हिशोब बरोबर आहे. दोन शर्टांचे ५४०० लिटर म्हणजे त्या नळाचे आठ महिने. पण दोन्ही पाणी एक नाही. शर्टाच्या आकड्यात शेतावर पडलेला पाऊसही धरलेला असतो. नळाला येतं ते पाणी उपसलेलं, गाळलेलं, क्लोरीन घातलेलं आणि पंपाने वर चढवलेलं असतं. ते थेंब थेंब वाया जातं तेव्हा त्यामागची वीजही जाते.

लपलेल्या पाण्याची ही कल्पना मात्र विचार करण्यासारखी आहे. टोनी ॲलन यांनी १९९० च्या दशकात 'आभासी पाणी' ही संज्ञा मांडली, त्यांना २००८ मध्ये स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. पुढे २००२ मध्ये आर्येन हुकस्ट्रा यांनी 'वॉटर फूटप्रिंट' म्हणजे पाण्याच्या पाऊलखुणेची कल्पना आणली. वेगळा धागा काढा, मी येतो तिथे.

तिफण

मी शेती करतो, म्हणून बोलतो. ७० टक्के आकडा आमच्याकडे बोट दाखवायला वापरला की वाईट वाटतं, कारण त्या पाण्यातून जे पिकतं ते सगळेच खातात. पण रानवारा यांचा मुद्दा मी उलटा करून सांगतो. पाट सोडून पाणी द्यायचो तेव्हा किती दिलं हे मलाही माहीत नसायचं. ठिबक केल्यावर पहिल्यांदा कळलं, कारण प्रत्येक ड्रिपरवर ताशी किती लिटर ते लिहिलेलं असतं. किती जातंय ते कळलं तेव्हा कमी करता आलं. घरातही तेच असणार. अबोलीताईंनी पेला ठेवला, तीच खरी सुरुवात.

अबोली

तिफण, हा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "बघ, मोजल्याशिवाय कळत नाही." आणि आज त्यांनी स्वतः भांडी धुताना नळाखाली बादली लावली. एका वेळच्या भांड्यांना तीन बादल्या! धरून चाला ४५ लिटर. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो.

रानवारा, तुमचं म्हणणं पटतं, कपडे कमी घ्यावेत हे खरंच. पण एक केलं म्हणून दुसरं सोडायला नको ना?

जाईजुई

भांड्यांसाठी दोन टब करा. एकात साबणाचं पाणी, दुसऱ्यात खळबळून काढायचं. खरकटं आधी कोरडंच पुसून टाकायचं, पाण्याच्या धारेने ढकलायचं नाही. शेवटी फक्त एकदा बारीक धारेखाली. आमचं पाणी निम्म्याहून कमी झालं. टिकलं का म्हणाल तर टिकलं, कारण टब ओट्यावरच असतात, काढा-ठेवायचं काम नाही.

पारिजात०७

आणि भांडी घासायचं मशीन? ते जास्त पाणी खातं असं सगळे म्हणतात.

मिलिलिटर

उलट आहे. आजकालचं मशीन पूर्ण भरून लावलं तर एका फेरीला दहा-पंधरा लिटरमध्ये काम करतं. तेच पाणी आत फिरवून फिरवून वापरतं. अर्धं भरून लावलं किंवा आधी नळाखाली सगळं धुऊनच आत ठेवलं, तर बचत संपली.

कपड्यांच्या मशीनचंही तसंच. पुढून दार असलेलं साधारण ५० लिटरमध्ये एक फेरी करतं, वरून झाकण असलेल्या जुन्या यंत्रांना त्याच्या दुप्पट आणि वरही लागतं. आता चालू असलेलं मशीन फेकून नवीन घ्या असं मी म्हणणार नाही. पण घ्यायचीच वेळ आली तर हे बघा, आणि तोवर फेरी भरल्याशिवाय लावू नका.

सोनचाफा

मी इथे क्वचित लिहिते, पण या विषयावर राहवलं नाही.

आमच्या संडासातला फ्लश टँक गळत होता आणि आम्हाला पत्ताच नव्हता. आवाज नाही, ओल नाही. मीटर मात्र महिन्यागणिक चढत होता. आम्ही मुलांना ओरडायचो, आंघोळीला किती वेळ लावता म्हणून. शेवटी वडिलांनी एक युक्ती सांगितली. टाकीत खायचा लाल रंग चमचाभर टाकायचा आणि अर्धा तास कुणी फ्लश करायचा नाही. मी तिथे स्टूल टाकून बसले. वीस मिनिटं झाली आणि पांढऱ्या भांड्याच्या मागच्या कडेवरून केसाएवढी गुलाबी रेघ हळूहळू खाली उतरायला लागली. एवढी बारीक की रंग नसता तर जन्मात दिसली नसती. टाकीच्या तळाची रबरी झडप कडक होऊन एका बाजूने उचलली गेली होती. ती बदलली आणि पुढच्या महिन्यात मीटर खाली आला.

तेव्हापासून दर सहा महिन्यांनी रंग टाकून बघते. मुलांची मात्र मी मनापासून माफी मागितली.

खडूफळा

सोनचाफा, शेवटचं वाक्य वाचून फार बरं वाटलं. मुलांना जपून वापरा सांगतो आणि गळती मोठ्यांच्या दुर्लक्षातून होते, असं किती घरांत असेल.

गोधडी

फ्लशचा विषय निघालाच आहे तर, टाकीत वीट ठेवतात ना? आम्ही ठेवली होती.

कासवगती

वीट नको! ती पाण्यात झिजते, तिची माती झडपेत अडकते आणि मग सोनचाफा यांनी सांगितली तशी गळती सुरू होते. ठेवायचीच तर पाण्याने भरलेली, घट्ट झाकणाची बाटली ठेवा. तीही फक्त जुन्या मोठ्या टाकीत, ज्यात एका वेळी बारा-तेरा लिटर जातात. नवीन टाक्या सहा लिटरच्या आसपास असतात. त्यात आणखी कमी केलं तर एकदा फ्लश करून भागत नाही, दोनदा करावा लागतो.

दोन बटणांचा फ्लश असेल तर लहान बटणाने साधारण तीन लिटर आणि मोठ्याने सहा जातात. पाहुण्यांना कळत नाही कुठलं कशाचं. आम्ही लहान बटणावर हिरवा ठिपका रंगवला आहे.

मिलिलिटर

ही दोन बटणांची कल्पना ऑस्ट्रेलियात १९८० मध्ये ब्रूस थॉम्प्सन यांनी प्रत्यक्षात आणली. सुरुवातीला ११ आणि साडेपाच लिटर होते, पुढे कमी कमी होत आजचे आकडे आले. सगळ्यात कोरडा वस्तीचा खंड, तिथे हे सुचावं हे साहजिकच.

पारिजात०७

शॉवर की बादली? आमच्याकडे यावरून रोज रण पेटतं.

खडूफळा

बादली म्हणजे १५ ते २० लिटर, प्रश्न मिटला. शॉवर मिनिटाला नऊ-दहा लिटर सोडत असेल तर दोन मिनिटांत बादली गाठली. तुमच्याकडचा किती सोडतो ते मोजा: शॉवरखाली बादली ठेवून एक मिनिट घड्याळ लावा. माझ्या मुलीने मोजलं तर १४ लिटर! ती आठ मिनिटं घ्यायची. ११२ लिटर हा गुणाकार तिने स्वतः केला आणि वहीत लिहून माझ्यासमोर धरला. त्या दिवसापासून ती अंग ओलं करून शॉवर बंद करते, साबण लावते, मग पुन्हा सुरू करते. मला एका शब्दानेही बोलावं लागलं नाही.

दूरदेशी

दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनचं कुणी लिहिलं कसं नाही? २०१८ मध्ये धरणं इतकी खाली गेली की १ फेब्रुवारीपासून दर माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली. नळ बंद पडण्याच्या दिवसाला त्यांनी 'डे झिरो' म्हटलं होतं. लोकांनी इतकं कमी वापरलं, आणि पुढे पाऊसही आला, की तो दिवस उजाडलाच नाही.

मी त्या वेळी घरी बसून ५० लिटर कसे पुरवायचे ते एक दिवस करून बघितलं. आंघोळीला १५, संडासाला तीन वेळा मिळून १५, प्यायला आणि स्वयंपाकाला ६, भांड्यांना ८, तोंड-हात धुवायला ३. उरले तीन. कपडे त्या दिवशी धुतलेच नाहीत. संध्याकाळी खरंच हात आखडले होते. पण ज्यांना पाणी डोक्यावरून आणावं लागतं त्यांचं रोजचं जगणं याहून कमी पाण्यात चालतं, हे त्या दिवशी अंगाला कळलं. नुसतं वाचून मला कधी कळलं नसतं.

तिफण

__/\__

शुश्रूषा

सगळं वाचते आहे, आवडतंय. पण एक काळजीचा शब्द. मी रुग्णसेवेत आहे. हात धुण्याच्या पाण्यात बचत करू नका. साबण लावून वीस सेकंद चोळायचे म्हणजे चोळायचे. चोळताना नळ बंद ठेवा, धुताना मोकळ्या मनाने धुवा. घरात आजारी माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर तिथे लिटर मोजू नका.

आणि वापरलेलं पाणी बादल्या-पिंपांत साठवून ठेवणाऱ्यांनी झाकण लावा. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत पूर्ण डास बाहेर पडतो. आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून आतल्या भिंती घासायच्या, कारण अंडी पाण्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही.

अबोली

शुश्रूषा, हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं. आमच्या गच्चीत एक उघडं पिंप आहे. उद्याच झाकते.

जाईजुई

आता माझी तक्रार. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून जे फेकलं जातं ते मी कुंड्यांना घालायचे. वर्षभरात दोन मोगरे गेले. पानांच्या कडा करपल्या आणि मातीवर पांढरा थर आला. आता ते पाणी सरळ मोरीत सोडते. वाईट वाटतं, पण करणार काय?

मिलिलिटर

मोरीत नको! थोडं गणित सांगतो. समजा आरओ यंत्र चार लिटर घेऊन एक लिटर शुद्ध देतं आणि तीन फेकतं. चार लिटरमधले जवळजवळ सगळे क्षार त्या तीन लिटरमध्ये आले, म्हणजे फेकलेलं पाणी मूळ पाण्यापेक्षा सव्वा-दीडपटीच्या मध्ये क्षारयुक्त. मूळ पाण्याचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ३०० असेल तर ४००, झाडांना सहसा चालतं. मूळच ९०० असेल तर १२००, तिथे मोगरा तग धरणार नाही. तुमच्या मातीवरचा पांढरा थर बघता तुमचं पाणी मुळातच जड असावं.

फरशी पुसणं, संडासात ओतणं, पायपुसणी भिजवणं, याला ते उत्तम. नळीखाली एक झाकणाचा कॅन लावून टाका. आणि मूळ पाण्याचा टीडीएस कमीच असेल तर आरओची गरज आहे का तेही तपासा, साधं गाळण आणि अतिनील दिवा पुरत असेल कदाचित.

एसीच्या नळीतून येतं ते पाणी मात्र उलट, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. प्यायचं नाही, पण झाडांना घाला.

जाईजुई

किती सोपं करून सांगितलंत! कुंड्यांना एसीचं आणि फरशीला यंत्राचं, आजपासून अदलाबदल. मोगरा पुन्हा लावते.

तिफण

जाईताई, कुंडीत मातीवर पालापाचोळ्याचा दोन-तीन बोटं थर द्या. ऊन थेट मातीवर पडत नाही, पाणी निम्म्या वेळा घातलं तरी चालतं. पाणी सकाळी लवकर घाला. आणि मोठी कुंडी किंवा वाफा असेल तर मधोमध बिनचकाकीचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरून झाकण ठेवा. माती सुकली की मडकं झिरपतं, ओली असली की थांबतं. ही रीत हजारो वर्षं जुनी आहे, चीनच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीविषयक लिखाणातही ती आढळते. मी रोपवाटिकेत अशी बारा मडकी पुरली आहेत. झाकण काढून आत बघायचं, पाणी चार बोटं उतरलेलं असतं आणि मडक्याच्या अंगाला मुळ्यांची जाळी बिलगलेली असते. झाडाला हवं तेवढंच ते घेतं.

पारिजात०७

हे वाचून उगाच डोळ्यांत पाणी आलं. (हे मोजायचं नाही ना?)

रानवारा

ते मोजत नाहीत. :)

कपड्यांच्या शेवटच्या खळबळीचं पाणी झाडांना घातलं तर?

मिलिलिटर

शेवटच्या खळबळीचं चालेल, पहिल्या साबणाचं नको. साबणाच्या पावडरीत सोडियम असतं, त्याने माती घट्ट होते. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीला कुठलंच वापरलेलं पाणी घालू नका. आणि असं पाणी दिवसभराच्या वर साठवू नका, वास मारतं. संडासासाठी वापरणं सगळ्यात सोपं.

पाऊसवेडा

मंडळी, वरून फुकट पडतं त्याचं काय? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं की बास. ५० चौरस मीटरचं छप्पर आणि २० मिलिमीटरची एक चांगली सर, म्हणजे हजार लिटर. थोडं उडतं, थोडं मुरतं, तरी आठशे हाती लागतात. पहिल्या पावसाचं पाणी जाऊ द्यायचं, छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यात असते. मी पन्हळीच्या तोंडाला जाळी लावून एकच पिंप ठेवलं आहे, झाकणाचं (शुश्रूषा, नोंद घ्यावी). गाडी पुसणं, अंगण धुणं, झाडं, सगळं त्यावर.

कासवगती

गाडीचा विषय आला म्हणून. पाइपने गाडी धुतली तर शंभर लिटरच्या वर सहज जातात. दोन बादल्या आणि दोन फडकी पुरतात. पाइपच वापरायचा तर टोकाला खटका दाबल्यावरच पाणी येईल अशी पिस्तुलासारखी तोटी लावा.

आणि वरची टाकी वाहते त्याचं? आमच्या शेजारी रोज सकाळी पंधरा मिनिटं धबधबा. बॉल कॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारी तरंगत्या चेंडूची झडप) बिघडला होता. तीन वेळा सांगितलं, चौथ्या वेळी मीच पान्हा घेऊन वर गेलो. काका म्हणाले, "अरे, मला गुडघ्यामुळे वर चढवत नव्हतं, सांगायला संकोच वाटला." मला फार लाज वाटली, मी मनात त्यांना निष्काळजी ठरवून मोकळा झालो होतो.

सोनचाफा

कासवगती, असं लिहायला मन मोठं लागतं.

मिलिलिटर

गरम पाण्यावर कुणीच बोललं नाही. दोन गोष्टी.

एक, गीझर लांब असेल तर गरम येईपर्यंत नळ सोडून उभे राहतो. आतून १५ मिमी व्यासाचा दहा मीटर पाइप असेल तर त्यात पावणेदोन लिटर थंड पाणी अडकलेलं असतं, २० मिमीचा असेल तर तीन लिटरच्या वर. म्हणजे दर वेळी एवढं तरी जाणारच. खाली बादली लावा, ते स्वच्छ पाणी आहे.

दोन, ४० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे १.१६ युनिट वीज लागते. गरम पाणी निम्मं केलं की वीजही निम्मी. पाणी वाचवायला जे तयार होत नाहीत ते हे ऐकून तयार होतात, हा अनुभव आहे.

खडूफळा

धागा छान रंगलाय, पण अबोलीने विचारलं होतं की काय टिकलं नाही. ते कुणी सांगितलंच नाही.

मी सुरुवात करते. मुलांसाठी तक्ता केला होता, पाणी वाचवलं की चांदणी. तीन आठवड्यांत बंद. चांदण्यांसाठी एकमेकांवर पहारा सुरू झाला, घरात भांडणं. शॉवर मोजायला दिला तेव्हा मात्र न सांगता टिकलं.

गोधडी

आमच्याकडे बारगळलं ते कपड्यांचं पाणी बादल्यांनी उचलून संडासात नेणं. पाठीने साथ सोडली. वयस्कर घरांनी जड उचलण्याचे उपाय करूच नयेत. त्यापेक्षा अँगल कॉक!

दूरदेशी

बारगळलं ते ५० लिटर. एक दिवस ठीक, रोज जमलं नाही. पण ११० च्या आसपास येऊन थांबले आहे, आधी दोनशेच्या घरात होते.

अबोली

तीन आठवडे होऊन गेले, म्हणून हिशोब द्यायला आले.

वॉशर बदलला, नवऱ्याने स्वतः. दोन नळांना जाळ्या, बेसिनचा अँगल कॉक अर्धा. फ्लश टँकमध्ये रंग टाकला तर मुलांच्या बाथरूममधला गळत होता! अगदी सोनचाफा यांनी लिहिल्यासारखी रेघ. धाकट्याने ती आधी पाहिली आणि सगळ्यांना हाका मारून गोळा केलं. भांड्यांना दोन टब केले, पण ते आम्ही दोघी असतो तेव्हाच होतं, घाईत पुन्हा नळाखाली. म्हणजे ते अजून टिकलं असं म्हणवत नाही.

मीटर मी रोज रात्री सगळे झोपल्यावर आणि सकाळी सगळ्यांच्या आधी बघते. आधी रात्रभरात २८ लिटर सरकायचा, घरात कुणी नळाला हातही न लावता. काल शून्य. पहाटे टॉर्च घेऊन मीटरपाशी उभी होते, आणि काट्याखालचं ते छोटं लाल चक्र अजिबात हलत नव्हतं. सासूबाईंना उठवून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आता गच्चीवरच्या टाकीचंही बघ."

कासवगती, बॉल कॉक बिघडलाय हे खालून ओळखता येतं का, की वर चढावंच लागतं?

कासवगती

ओव्हरफ्लोच्या पाइपचं तोंड खालून दिसतं ना? टाकी भरत आली की पंप चालू असतानाच बघा. तिथून पाणी पडत असेल तर कॉक गेला. आणि वर चढायचं असेल तर एकट्या चढू नका, खाली कुणीतरी शिडी धरायला असू द्या.